अधिराष्ट्रीय कायदा खालच्या न्यायाधीशाच्या मेजावरून वाचायला हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘युरोपने बंदी घातली’, ‘युरोपीय न्यायालयाने फटकारले’, ‘युरोपचा नवा कायदा लागू’ अशा मथळ्यांच्या बातम्या मराठी दैनिकांत आता नेहमीच्या झाल्या आहेत. बातमी खरी असते. पण ‘युरोप’ म्हणजे नेमके कोण, त्याला हा अधिकार कोणी दिला आणि जर्मनीतल्या किंवा इटलीतल्या न्यायाधीशाने तो का मानावा, याचा खुलासा त्यात क्वचितच सापडतो. मी कोकणातल्या एका विधी महाविद्यालयात बरीच वर्षे आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला. हा विषय आपल्याकडे किती तोकडा शिकवला जातो हे मला आतून माहीत आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

२०१४ सालच्या हापूसच्या हंगामातली गोष्ट आपल्या वाचकांना आठवत असेल. युरोपीय आयोगाने २४ एप्रिलला निर्णय काढला आणि १ मेपासून भारतातून येणारा आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांना युरोपीय संघाची दारे बंद झाली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या भाज्या-फळांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या, हे त्याचे कारण. पेट्या भरून तयार होत्या आणि गवतात आंबा पिकत होता. त्या आठवड्यात ज्याच्या घरची कलमांची बाग होती असा एक विद्यार्थी तासाला उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, आंबा खाणारे इंग्लंडातले, विकणारे इंग्लंडातले, तिथले खासदारसुद्धा बंदी उठवा म्हणताहेत. मग त्यांची पार्लमेंट एक कायदा करून मोकळी का होत नाही? आपण तर पहिल्या वर्षाला शिकलो की ब्रिटिश पार्लमेंटला काहीही करता येते.’’ मी ‘‘ते युरोपीय संघाचे सदस्य आहेत म्हणून’’ एवढेच सांगून पुढे गेलो. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण ते उत्तरही नव्हते. सदस्य तर भारत आणि ब्रिटन संयुक्त राष्ट्रांचेही आहेत. म्हणून तिथला ठराव रत्नागिरीच्या किंवा लेस्टरच्या न्यायालयात कायदा म्हणून कोणी दाखवत नाही.

फरक इथेच आहे. मराठी वाचकाला आंतरराष्ट्रीय न्यायालय ठाऊक आहे ते कुलभूषण जाधव प्रकरणामुळे. हेगच्या त्या न्यायालयात मे २०१७ मध्ये दाद मागितली ती भारताने; जाधव यांना किंवा त्यांच्या कुटुंबाला तिथे अर्ज करण्याची सोयच नाही, कारण ते देशादेशांमधले न्यायालय आहे. १७ जुलै २०१९ चा निकाल भारताच्या बाजूने लागला, तरी त्याचा पाकिस्तानातल्या न्यायालयात उपयोग व्हावा म्हणून तिथे आधी अध्यादेश आणि मग २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. हा झाला आंतरराष्ट्रीय कायदा : देशादेशांमधला, आणि देशाच्या आत यायचे तर त्या देशाच्या विधिमंडळाचे बोट धरून येणारा. याहून वेगळा असा जो कायदा देशांनी मिळून नेमलेल्या संस्था करतात, जो सदस्य देशाच्या न्यायालयात नागरिकाला थेट दाखवता येतो आणि ज्याच्यापुढे त्या देशाचा स्वतःचा कायदा बाजूला ठेवला जातो, त्याला मी ‘अधिराष्ट्रीय कायदा’ म्हणतो. हा शब्द मला पूर्ण पसंत नाही. ‘अधि’ म्हटले की कोणीतरी वर बसून हुकूम सोडत असल्याचे चित्र उभे राहते, आणि प्रत्यक्षात काय घडते ते त्याहून फार गुंतागुंतीचे आहे. पण कोळसा आणि पोलाद यांचा बाजार एकत्र करणाऱ्या १९५१ च्या पॅरिस करारात तो करणाऱ्या सहा युरोपीय देशांनी स्वतःच या अर्थाचा शब्द वापरला होता, तेव्हा तूर्त तो चालवून घेऊ.

आपली पाठ्यपुस्तके या विषयाला एखादे पान देतात आणि त्यात सांगतात की युरोपीय संघाचा कायदा सदस्य देशांच्या कायद्याहून श्रेष्ठ असतो. विद्यार्थी ते वाक्य परीक्षेत उतरवतो आणि विषय संपतो. हे श्रेष्ठत्व मूळ करारात कुठेही लिहिलेले नव्हते. आजही ते संघाची सध्याची रचना ठरवणाऱ्या लिस्बन कराराला जोडलेल्या एका निवेदनात आहे, करारातल्या कलमात नाही. ते आले किरकोळ दाव्यांतून, आणि त्यातला माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा दावा १,९२५ लिरांच्या वीजबिलाचा आहे.

इटलीने डिसेंबर १९६२ मध्ये वीज उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि ‘एनेल’ ही सरकारी कंपनी उभी केली. मिलानमधले एक वकील, कोस्टा, हे राष्ट्रीयीकरण झालेल्या एका वीज कंपनीचे भागधारक होते. त्यांनी नव्या कंपनीचे बिल भरायला नकार दिला, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे राष्ट्रीयीकरण १९५७ च्या रोम कराराच्या, म्हणजे आजच्या संघाचे पूर्वरूप असलेला युरोपीय समुदाय ज्याने उभा केला त्या कराराच्या, विरुद्ध होते. रक्कम इतकी लहान होती की दावा गेला तो सर्वांत खालच्या पायरीवरच्या, किरकोळ तंटे मिटवणाऱ्या न्यायाधीशापुढे. इटलीच्या घटना न्यायालयाने मार्च १९६४ मध्येच या राष्ट्रीयीकरणाविषयी स्पष्ट सांगून टाकले होते की रोम करार इटलीत एका साध्या कायद्याने लागू झाला आहे, तेव्हा नंतर केलेला कायदा आधीच्या कायद्याला मागे टाकतो. आपल्याकडचा कोणताही वकील हेच म्हणेल. तरीही मिलानच्या त्या न्यायाधीशाने करारातल्या तरतुदीचा आधार घेऊन प्रश्न लक्झेंबर्गच्या न्यायालयाकडे, म्हणजे युरोपीय समुदायाच्या (आताच्या संघाच्या) स्वतःच्या न्यायालयाकडे पाठवला. इटलीच्या सरकारने तिथे हरकत घेतली की इटालियन न्यायाधीशाने इटलीचा कायदा लावायचा, त्याला असा प्रश्न विचारण्याचे कारणच काय? १५ जुलै १९६४ रोजी लक्झेंबर्गने उत्तर दिले की सदस्य देशांनी आपले सार्वभौम अधिकार मर्यादित करून एक स्वतंत्र कायदेव्यवस्था निर्माण केली आहे, आणि पुढे एखाद्या देशाने एकतर्फी केलेला कायदा तिच्यावर मात करू शकत नाही. कारण तसे झाले तर तोच करार सहा देशांत सहा प्रकारचा होईल. राष्ट्रीयीकरण टिकले आणि ‘एनेल’ आजही आहे, पण एका वीजबिलाच्या निमित्ताने साऱ्या युरोपची कायदेशीर रचना बदलली.

याच्या आधीचे पाऊल १९६३ चे. नेदरलँड्समधल्या एका आयातदाराने पश्चिम जर्मनीतून एक रसायन आणले होते. कस्टम्सने त्यावर ३ टक्क्यांऐवजी ८ टक्के शुल्क लावले. करारात लिहिले होते की सदस्य देशांनी आपसातले शुल्क वाढवू नये. पण ते बंधन देशावर. आयातदाराचा त्याच्याशी संबंध काय? तेव्हाच्या सहा सदस्यांपैकी तीन देशांनी हाच मुद्दा लावून धरला. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ५ फेब्रुवारी १९६३ रोजी तो फेटाळला आणि सांगितले की या करारातून व्यक्तींनाही हक्क मिळतात व देशातल्या न्यायालयांनी ते राखले पाहिजेत.

आता हे दोन निकाल वाचून ‘लक्झेंबर्गने ठरवले आणि सगळ्यांनी मानले’ असा समज झाला तर अभ्यास तिथेच फसतो. लक्झेंबर्गच्या न्यायालयाकडे ना पोलीस, ना बेलिफ, ना जप्तीचा अधिकार. त्याला देशातल्या न्यायालयाचा निकाल फिरवताही येत नाही, कारण ते अपिलाचे न्यायालय नाही. देशातला न्यायाधीश आपला दावा थांबवून प्रश्न पाठवतो, उत्तर येते आणि निकाल तोच न्यायाधीश देतो. म्हणजे सारे अवलंबून आहे ते त्याने प्रश्न विचारण्यावर आणि आलेले उत्तर मानण्यावर. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे आहे की हा कायदा लक्झेंबर्गच्या उंच आसनावरून न वाचता जिल्ह्याच्या ठिकाणच्या न्यायाधीशाच्या मेजावरून वाचला पाहिजे.

आपल्या वकिलांना हे लगेच समजेल असे एक उदाहरण देतो. आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे एखादा कायदा घटनाबाह्य असल्याचा प्रश्न आला तर त्यांना तो स्वतः रद्दबातल ठरवता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ खाली ते उच्च न्यायालयाकडे प्रकरण पाठवतात. इटलीतही रीत तशीच होती, असा प्रश्न फक्त घटना न्यायालयाने सोडवायचा. फ्रान्समधून आणलेल्या गोमांसावर पशुवैद्यकीय तपासणीची फी घेतल्याचा एक दावा आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या सुझा गावच्या न्यायाधीशापुढे चालला होता. तो लक्झेंबर्गला गेला आणि ९ मार्च १९७८ रोजी उत्तर आले की युरोपीय कायद्याशी विसंगत असलेला देशाचा कायदा कोणत्याही पायरीवरच्या न्यायाधीशाने स्वतःच बाजूला ठेवावा, वरच्या न्यायालयाची किंवा विधिमंडळाची वाट पाहू नये. म्हणजे गावातल्या न्यायाधीशाच्या हाती असा अधिकार आला, जो त्याच्या स्वतःच्या राज्यघटनेने त्याला कधी दिला नव्हता. इटलीच्या घटना न्यायालयाने हे मान्य केले ते १९८४ मध्ये, कोस्टांच्या वीजबिलानंतर वीस वर्षांनी, आणि तेव्हाही घटनेची मूलतत्त्वे व माणसाचे अविभाज्य हक्क यांचा पहारा आपल्याकडेच राखून ठेवला. या वीस वर्षांत खालचे न्यायाधीश काय करत होते, काय लिहीत होते, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

ब्रिटिश पार्लमेंटविषयीच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. ब्रिटनने १९७२ मध्ये स्वतःच्याच कायद्याने हे दार उघडून दिले होते. १९८८ मध्ये पार्लमेंटने मासेमारी बोटींच्या नोंदणीचा नवा कायदा केला, तेव्हा स्पॅनिश मालकांच्या बोटी बाहेर फेकल्या गेल्या. १९९० मध्ये लक्झेंबर्गच्या उत्तरानंतर, तेव्हा देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणूनही काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने पार्लमेंटच्याच कायद्याची अंमलबजावणी मनाईहुकमाने थांबवली. पार्लमेंटला काहीही करता येत होते हे खरेच. त्या ‘काहीही’मध्ये दार उघडणेही होते आणि पुढे ते लावून घेणेही, जे तिने ३१ जानेवारी २०२० रोजी केले. मधल्या काळात मात्र आंब्याची बंदी एकट्या लंडनला उठवता येत नव्हती. वनस्पतींच्या आरोग्याचा तो विषय संघाच्या सामाईक नियमांखाली गेलेला होता. भारताने तपासणीची आणि प्रमाणपत्राची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या सुरुवातीला ती बंदी उठली, ठरलेल्या मुदतीच्या आधी, आणि उठवली ती संघानेच.

जर्मनीची कथा भारतीय वाचकाला अधिक जवळची वाटावी. तिथे मक्याच्या निर्यात परवान्यासाठी भरलेली एका कंपनीची अनामत जप्त झाली. कंपनी म्हणाली की युरोपीय नियमाने जर्मन राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांचा भंग होतो. लक्झेंबर्गने डिसेंबर १९७० मध्ये सांगितले की आमचा नियम तुमच्या घटनेच्या मापाने मोजता येणार नाही. कार्ल्सरूह शहरातल्या जर्मनीच्या घटना न्यायालयाने मे १९७४ मध्ये उलट सांगितले की जोवर युरोपीय समुदायाकडे मूलभूत हक्कांची पुरेशी सनद नाही, तोवर आम्ही तपासणारच. त्या ‘जोवर’मधला दबाव लक्झेंबर्गने ओळखला आणि हक्कांविषयीचे आपले न्यायशास्त्र वाढवत नेले. १९८६ मध्ये कार्ल्सरूहने शब्द तोच ठेवून वाक्य फिरवले : जोवर लक्झेंबर्ग हक्कांचे पुरेसे रक्षण करते आहे, तोवर आम्ही तपासणार नाही. एका शब्दावर बारा वर्षे दोन न्यायालयांनी केलेला हा संवाद मी वर्गात वाचून दाखवत असे. तेव्हा मागच्या बाकांवरची मुलेसुद्धा मान वर करीत.

जवळची म्हणण्याचे कारण असे की या जर्मन विचाराचा एक धागा आपल्या घटनेपर्यंत आलेला आहे. हायडेलबर्गचे प्राध्यापक डीट्रिच कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात एक व्याख्यान दिले. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात असे त्यांचे म्हणणे होते, आणि जर्मन घटनेने काही तत्त्वे दुरुस्तीपलीकडे ठेवली आहेत हा त्याचा आधार. तो विचार पुढे मुंबईच्या नानी पालखीवाला यांच्या युक्तिवादातून सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात तेरापैकी सात न्यायमूर्तींच्या बहुमताने मूलभूत चौकटीचा सिद्धान्त मान्य झाला. जर्मन घटनेतल्या त्याच अपरिवर्तनीय कलमाचा आधार घेऊन कार्ल्सरूह आज लक्झेंबर्गला सांगते की आमच्या घटनेची ओळख तुम्हाला पुसता येणार नाही. उद्या भारताने एखाद्या प्रादेशिक संघटनेला असे अधिकार द्यायचे ठरवले तर पहिला प्रश्न मूलभूत चौकटीचाच निघेल. त्याची तयारी म्हणून तरी आपल्या मुलांनी कार्ल्सरूहचे निकाल वाचावेत.

५ मे २०२० रोजी कार्ल्सरूहने त्याहून पुढचे पाऊल टाकले. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखे खरेदीला लक्झेंबर्गने २०१८ मध्ये वैध ठरवले होते, तो निकालच अधिकारबाह्य आहे असे जर्मन न्यायालयाने जाहीर केले. पुढच्या वर्षी ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने युरोपीय करारातल्या काही पायाभूत तरतुदीच पोलिश घटनेशी विसंगत ठरवल्या. आपल्याकडच्या काही लेखांत या दोन निकालांना एकाच पंक्तीत बसवलेले मी वाचले आणि मला ते अगदी अमान्य आहे. जर्मन न्यायालयाने बँकेकडून कारणे मागितली, ती मिळाल्यावर प्रकरण शांत झाले, आणि युरोपीय आयोगाने सुरू केलेली कारवाईही डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाली. पोलंडमध्ये प्रश्न मुळात न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचा होता. ज्या न्यायाधिकरणाने हा निकाल दिला, त्याच्या रचनेतच दोष असल्याचे मानवी हक्क न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात एका प्रकरणात सांगितले होते. न्यायाधीशांवरची शिस्तभंगाची यंत्रणा थांबवली नाही म्हणून लक्झेंबर्गने पोलंडला दिवसाला १० लाख युरोंचा दंड लावला. स्वतंत्र न्यायालयाने घेतलेली हरकत आणि सत्तेच्या कह्यात गेलेल्या न्यायाधिकरणाची हरकत यांत शब्द सारखे असले तरी अंतर फार मोठे आहे.

आणि इथेच बातमीदारांना एक विनंती. मानवी हक्क न्यायालय स्ट्रासबर्गला आहे. ते कौन्सिल ऑफ युरोप या ४६ देशांच्या वेगळ्या संघटनेचे आहे, युरोपीय संघाचे नाही. तुर्कस्तान आणि स्वित्झर्लंड त्या संघटनेत आहेत, युरोपीय संघात नाहीत. लक्झेंबर्ग, स्ट्रासबर्ग आणि हेग या तिन्हींना ‘युरोपीय न्यायालय’ म्हटल्याने वाचकाचा गोंधळ होतो. नुसते गावाचे नाव छापले तरी तो टळेल.

हे सारे दूरचे वाटत असेल तर अलीकडची दिल्लीची गोष्ट पाहावी. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेस्ले प्रकरणात निकाल दिला. नेदरलँड्स, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्याशी भारताने केलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारांत अशी तरतूद आहे की भारताने दुसऱ्या एखाद्या देशाला सवलतीचा दर दिला तर तो यांनाही मिळावा. कंपन्या म्हणाल्या की करारात स्पष्ट लिहिले आहे, तेव्हा आम्हाला तो दर द्या. न्यायालय म्हणाले की आयकर कायद्याच्या कलम ९० खाली अधिसूचना निघाल्याशिवाय ती तरतूद भारतात लागू होत नाही. १९६३ चा नेदरलँड्समधला आयातदार आणि २०२३ मधल्या या कंपन्या यांनी मागितले एकच होते : करारात लिहिलेले मला न्यायालयात मिळू द्या. एकाला मिळाले, दुसऱ्यांना नाही. आपल्या राज्यघटनेत कलम २५३ प्रमाणे करार अमलात आणायला संसदेने कायदा करायचा असतो, आणि ही रीत सर्वोच्च न्यायालयाने सोडलेली नाही. विशाखा प्रकरणात १९९७ मध्ये महिलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला गेला, पण तो आपल्याच मूलभूत हक्कांचा अर्थ लावण्यासाठी आणि देशात कायदा नव्हता म्हणून. नेस्लेचा निकाल लागल्यावर स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२५ पासून ती सवलत आपल्या बाजूनेही थांबवली. ज्यांची कार्यालये पुण्या-मुंबईत आहेत आणि व्यवहार परदेशी आहेत, त्यांना हा फरक पैशांत मोजावा लागतो.

गोव्यातल्या कुटुंबांना तर हा कायदा कुठल्याही पुस्तकाविना ठाऊक आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाचा दावा करू देतो. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात आला, आणि पुढे पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला सासष्टीचा माणूस इंग्लंडातल्या स्विंडनला जाऊन नोकरी करू लागला. ब्रिटनने त्याला व्हिसा दिला नव्हता आणि पोर्तुगालमध्ये तो कदाचित एक दिवसही राहिलेला नसेल. नागरिक कोण हे प्रत्येक देशाने आपल्या कायद्याने ठरवायचे आणि ते ठरल्यावर दुसऱ्या सदस्य देशाने ‘हा खरा पोर्तुगीज नाही’ असे म्हणायचे नाही, ही रीत लक्झेंबर्गने ७ जुलै १९९२ रोजी घालून दिली, अर्जेंटिनात वाढलेल्या एका इटालियन दंतवैद्याच्या दाव्यात. त्याच दिवशी, लगतच्या क्रमांकाच्या दाव्यात, एका भारतीय पतीलाही न्याय मिळाला. त्याची पत्नी ब्रिटिश. दोघांनी काही काळ जर्मनीत काम केले आणि मग ते ब्रिटनला परतले. न्यायालय म्हणाले की दुसऱ्या सदस्य देशात काम करून ती मायदेशी परतली असल्यामुळे पतीला सोबत आणण्याचा तिचा हक्क युरोपीय कायद्यातून येतो, ब्रिटनच्या इमिग्रेशनच्या मर्जीतून नाही. २०२० अखेर ब्रिटनमधली ही वाट बंद झाली तेव्हा गोव्याच्या गावागावांत काय धावपळ उडाली, ते तिथल्या लोकांना विचारावे.

मराठीसाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्र एक लहानसा चेक दावा. चेक प्रजासत्ताक मे २००४ मध्ये संघात आले. तिथल्या ओलोमोत्स शहराच्या कस्टम्सने वाइन आयात करणाऱ्या एका कंपनीला युरोपीय नियम मोडल्याबद्दल दंड केला. कंपनी म्हणाली की हा नियम तेव्हा चेक भाषेत प्रसिद्धच झालेला नव्हता. सरकारतर्फे सांगण्यात आले की एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला तो माहीत असायला हवा होता. ११ डिसेंबर २००७ रोजी लक्झेंबर्गने ठरवले की जो नियम संघाच्या राजपत्रात त्या देशाच्या भाषेत छापलेला नाही, तो त्या देशातल्या व्यक्तीवर लादता येत नाही, मग तिला तो दुसऱ्या मार्गाने कळलेला असो वा नसो. संघाच्या चोवीस भाषांत माल्टी भाषाही आहे, जिचे बोलणारे साधारण पाच लाख. आपल्या तालुक्याच्या न्यायालयात मराठी ही न्यायालयाची भाषा आहे, आणि तरी ज्या कायद्याखाली शेतकऱ्याला नोटीस येते त्याचा अधिकृत मराठी पाठ मिळवताना पक्षकाराची दमछाक होते, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. तो चेक निकाल मी मराठीत उतरवून विद्यार्थ्यांना वाटला होता. शिकवण्याच्या साऱ्या वर्षांत एखादे टिपण झेरॉक्सच्या दुकानात पुन्हा पुन्हा मागितले गेले असेल तर ते एवढेच.

अधिराष्ट्रीय कायदा म्हणजे फक्त युरोप, असेही समजू नये. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या देशांनी नामिबियाच्या विंडहुक शहरात असे न्यायाधिकरण उभे केले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याने झिम्बाब्वेच्या जमीन ताब्यात घेण्याच्या धोरणाविरुद्ध निकाल दिला आणि दोन वर्षांत राष्ट्रप्रमुखांनी त्या न्यायाधिकरणाचेच काम थांबवले. त्याला खालच्या न्यायालयांची तशी सोबत नव्हती. अपवाद दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाचा, ज्याने २०१३ मध्ये त्या न्यायाधिकरणाचा खर्चाचा हुकूम अमलात आणण्यास मान्यता दिली. पण तोवर उशीर झाला होता. आपल्या सार्कच्या सनदेत सर्व निर्णय एकमताने घ्यायचे आणि वादग्रस्त द्विपक्षीय विषय काढायचेच नाहीत असे १९८५ पासून लिहिलेले आहे, तेव्हा तिथे या प्रश्नाला जागाच नाही.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांकडे माझी मागणी एवढीच की आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकातले ते एक पान फाडून त्याचा स्वतंत्र पेपर करावा, निदान ऐच्छिक तरी. त्यात तत्त्वांची यादी नको. मिलानचा न्यायाधीश, सुझाचा न्यायाधीश, मक्याच्या अनामतीचा दावा ज्याच्यापुढे होता ते फ्रँकफर्टचे न्यायालय यांनी पाठवलेले प्रश्न आधी वाचायला द्यावेत, लक्झेंबर्गचे उत्तर त्यानंतर, आणि त्या उत्तराचे त्यांच्या देशात पुढे काय झाले ते शेवटी. प्रत्येक दाव्यापाशी विद्यार्थ्याला विचारावे की हाच पक्षकार रत्नागिरीच्या न्यायालयात आला असता तर कोणत्या कलमाखाली, कोणती दाद मागता आली असती. द्राक्षांच्या कंटेनरवर कीडनाशकाच्या अंशाची मर्यादा लागते, माहिती तंत्रज्ञानाच्या कंपनीला २०१८ पासून युरोपचा विदा संरक्षणाचा नियम पाळावा लागतो, पोलाद पाठवणाऱ्याला आता कार्बनचा हिशेब द्यावा लागतो. नाशिक, पुणे, कोल्हापूर इथल्या वकिलांकडे ही कागदपत्रे येऊ लागली आहेत, आणि ती वाचायला त्यांना कोणी शिकवलेले नाही.

आंब्याचा प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी आता वकिली करतो. मागच्या हंगामात त्याचा फोन आला. त्याच्या अशिलाला एक खेप लंडनला आणि एक थेट बेल्फास्टला पाठवायची होती, आणि दोन्ही ठिकाणे एकाच देशात असूनही कागद वेगळे का मागतात, असे तो विचारत होता. मी त्याला सांगितले की लंडनला आता ब्रिटनचे स्वतःचे नियम चालतात, पण उत्तर आयर्लंडमध्ये वनस्पतींच्या आरोग्यापुरते युरोपीय संघाचेच नियम लागू ठेवलेले आहेत. त्याच्या अशिलाची पेटी तिथे अडली आणि त्या नियमांच्या अर्थाविषयी वाद निघाला, तर बेल्फास्टचा न्यायाधीश आजही आपले प्रकरण थांबवून लक्झेंबर्गला प्रश्न पाठवू शकतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विधी-अध्यापक,
रत्नागिरी